मेंढपाळाच्या कुत्र्याचे कैवारी : कॅप्टन मॅक्स फॉन स्टेफानिट्स



आपल्या इकडील एखाद्या बंगल्याच्या फाटकाआड उभ्या कानांचा, लांडग्यासारख्या तोंडाचा, पिंगट व काळ्या रंगाचा एक थोराड कुत्रा तुम्हीं पाहिला असेल. जुनीं माणसें त्याला अल्सेशियन म्हणत. आतां त्यालाच जर्मन शेफर्ड असें म्हणतात. एकाच कुत्र्याला हीं दोन नांवें कां पडलीं, आणि ज्याच्या नांवांत मेंढपाळ आहे तो मेंढ्या सोडून बंगल्याच्या दारांत कसा आला, असा प्रश्न तुमच्या मनांत कधीं आला आहे काय? ह्या प्रश्नाचें उत्तर जर्मनींतील एका गृहस्थाच्या चरित्रांत सांपडतें. तें चरित्र आज तुम्हांला थोडक्यांत सांगावयाचें आहे.

जर्मनींतील जातिवंत कुत्र्यांचीं नांवें मोठीं बोलकीं आहेत. डाक्सहुंड म्हणजे डाक्स ऊर्फ बॅजर नांवाच्या, बिळांत राहणाऱ्या जनावराची शिकार करणारा कुत्रा. त्याचे आखूड पाय व लांबट अंग त्या बिळांत शिरण्यासाठींच आहे. पूडल हा शब्द पाण्यांत डुंबणें ह्या अर्थाच्या जर्मन शब्दापासून आला आहे, कारण नेम लागून पाण्यांत पडलेलें पांखरूं धन्याकडे आणून देणें हें त्या कुत्र्याचें काम असे. रॉटवाइलर हें नांव दक्षिणेकडील रॉटवाइल गांवावरून पडलें. तेथील खाटीक गुरें हांकण्यासाठीं हे कुत्रे बाळगीत. डोबरमान कुत्र्याला तर एका माणसाचें नांव मिळालें आहे. थुरिंगिया प्रांतांतील आपोल्डा गांवीं लुई डोबरमान (१८३४ ते १८९४) हे करवसुलीचें काम करीत. आपल्या रक्षणासाठीं त्यांनीं धीट कुत्र्यांची पैदास केली, आणि त्या जातीनें त्यांचें नांव अजरामर केलें. अशा रीतीनें कोणाला कामावरून, कोणाला गांवावरून, तर कोणाला माणसावरून नांव मिळालें. आपल्या कथेंतील कुत्र्याचें जर्मन नांव शेफरहुंड, म्हणजे नुसतें मेंढपाळाचा कुत्रा, एवढेंच होतें. त्याला जातीचा मान नव्हता व वंशावळही नव्हती. तीं त्याला मिळवून देणारे पुरुष म्हणजे मॅक्स फॉन स्टेफानिट्स.

मॅक्स यांचा जन्म ता. ३० डिसेंबर १८६४ रोजीं ड्रेस्डेन शहरीं एका सरदार घराण्यांत झाला. अशा घराण्यांतील मुलानें सैन्यांत जावें ही तेव्हांची रीत होती, आणि त्याप्रमाणें मॅक्स घोडदळांत अधिकारी झाले. परंतु त्यांचें मन जनावरांत रमत असे. नोकरींत असतां कांहीं काळ ते बर्लिन येथील पशुवैद्यक विद्यालयांत राहिले. जनावराच्या शरीराची रचना, हाडांचे सांधे, चालण्याची ढब, पैदाशीचे नियम ह्यांचें जें ज्ञान त्यांनीं तेथें मिळविलें, त्याचा उपयोग त्यांना पुढें जन्मभर झाला. पलटणीबरोबर फिरत असतां मेंढपाळांच्या कुत्र्यांकडे त्यांचें लक्ष वेधलें, असें सांगतात.

हा कुत्रा काय काम करीत असे, तें नीट समजून घेतलें पाहिजे, कारण ह्या चरित्राचें सारें मर्म तेथेंच आहे. जर्मनींतील पुष्कळ भागांत शेतांना कुंपण नसे. दोन पिकांच्या मधोमध गवताची अरुंद पट्टी असे आणि शेंकडों मेंढ्यांचा कळप त्या पट्टींत चारावा लागे. एका बाजूला गहूं, दुसऱ्या बाजूला कोबी. मेंढीनें तोंड घातलें तर मेंढपाळाला भुर्दंड. अशा वेळीं कुत्रा पिकाच्या कडेच्या तासांतून दुडक्या चालीनें सकाळपासून सायंकाळपर्यंत येरझारा घाली. त्याचें शरीर हेंच कुंपण. एखादी मेंढी रेषा ओलांडूं लागली तर तिला तो धरी, परंतु दांत कातड्यांत रुतूं देत नसे. धनी दूर उभा असे. प्रत्येक वेळीं हुकूम मिळणें शक्य नसे. म्हणून कुत्र्याला स्वतःची अक्कल पाहिजे, न थकणारी चाल पाहिजे, आणि बळ असून तें आवरण्याचें सामर्थ्य पाहिजे. हे गुण कोणी पुस्तकांत लिहून ठेविले नव्हते. शेंकडों वर्षें गरीब मेंढपाळांनीं काम करणारा कुत्रा ठेविला व न करणारा काढून टाकिला, आणि त्यांतून ते गुण आपोआप मुरत गेले.

असे कुत्रे निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या रूपाचे असत. थुरिंगियांतील कुत्रे लहान चणीचे, चपळ, उभ्या कानांचे व पुष्कळदां लांडग्यासारख्या करड्या रंगाचे असत. व्हुर्टेंबर्गकडील कुत्रे अंगानें मोठे व कामाला दणकट असत, परंतु त्यांचे कान बहुधा लोंबते. शहरांतील हौशी लोकांना ह्या गांवठी कुत्र्यांची किंमत नव्हती. परदेशी कुत्रे बाळगण्यांत त्यांना भूषण वाटे. सन १८९१ मध्यें फायलॅक्स नांवाची एक संस्था ह्या कुत्र्यांसाठीं निघाली. परंतु कुत्रा दिसावयास कसा असावा आणि कामास कसा असावा, ह्या वादांत सभासदांचें एकमत होईना, व तीन-चार वर्षांतच ती मोडली. स्टेफानिट्स यांनीं ह्या फजितीपासून बोध घेतला. त्यांचें मत ठाम झालें कीं, उपयोग आणि बुद्धि ह्या दोन गोष्टी आधीं. रूप त्यांच्या मागून आलें तर येवो.

सन १८९८ मध्यें त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला, परंतु त्याच सुमारास त्यांना सैन्य सोडावें लागलें. त्यांनीं एका नटीशीं विवाह केला होता, आणि तो संबंध अधिकाऱ्याच्या दर्जास शोभणारा नाहीं असें त्या वेळच्या वरिष्ठ वर्गास वाटे. म्युनिक शहराजवळ ग्राफराथ येथें त्यांची जमीन होती. तेथें राहून ते कुत्र्यांच्या पैदाशींत मन घालूं लागले. वयाच्या चौतिसाव्या वर्षीं एक धंदा संपला, आणि खरें जीवितकार्य तेव्हां सुरू झालें.

ता. ३ एप्रिल १८९९ रोजीं ते आपले मित्र आर्तुर मायर यांजबरोबर कार्ल्सरूहे येथील कुत्र्यांच्या प्रदर्शनास गेले. तेथें त्यांना एक पिंगट-करडा कुत्रा दिसला. चार वर्षांचा, मध्यम बांध्याचा, अंगावर फाजील मांस नाहीं, नजर शांत पण जागरूक. तो मेंढपाळी कुत्र्यांच्या वंशांतला असून शिकविल्यावांचूनच त्याच्या अंगीं राखणीची बुद्धि होती. त्याचें नांव हेक्टर लिंक्सराइन. स्टेफानिट्स यांनीं तो तेथेंच विकत घेतला व त्याचें नवें नांव ठेविलें होरांड फॉन ग्राफराथ. ह्या नांवांतील पहिला शब्द त्या कुत्र्याचा, आणि पुढील भाग तो ज्या घरचा त्या घराचा. आजही ह्या जातीच्या कुत्र्यांचीं नांवें बहुधा ह्याच पद्धतीनें ठेविलीं जातात, म्हणजे नांवावरूनच कुत्रा कोणत्या घरचा तें कळतें.

त्याच महिन्यांत, ता. २२ एप्रिल रोजीं, जर्मन शेफरहुंड मंडळाची स्थापना झाली व स्टेफानिट्स त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मंडळाच्या वंशावळीच्या वहींत होरांडची नोंद पहिल्या क्रमांकावर झाली. सप्टेंबर महिन्यांत फ्रांकफुर्ट येथें सभासदांची सभा भरली, आणि उत्तम शेफरहुंड कसा असावा ह्याचें वर्णन मान्य करण्यांत आलें. मेंढपाळाच्या दाराशीं वाढलेल्या निनांवी कुत्र्याला अशा रीतीनें नांव मिळालें, वंशावळ मिळाली आणि मापही मिळालें.

हें माप म्हणजे केवळ फुटपट्टीचें माप नव्हे. पाठ किती लांब असावी, खांद्याचा तिरकसपणा किती असावा, ह्या प्रत्येक गोष्टीचें कारण स्टेफानिट्स त्या दिवसभराच्या दुडक्या चालींत शोधीत. ज्या बांध्यानें कमी श्रमांत अधिक वाट चालतां येते तोच बांधा सुंदर, असें त्यांचें म्हणणें. कोणत्या नराची व मादीची जोडी जमवावी हें सांगण्यासाठीं मंडळानें जागोजागीं जाणते देखरेखदार नेमिले. एका वेतांतील फार पिलें एकाच आईवर सोडूं नयेत, अशी ताकीद असे. सन १९०१ मध्यें त्यांनीं शेफरहुंडावर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याच्या पुढें अनेक आवृत्त्या निघाल्या, प्रत्येक वेळीं त्यांत भर पडत गेली, आणि सन १९२३ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतरही झालें.

तथापि एक मोठें संकट समोर उभें होतें. जर्मनींत कारखाने वाढत होते. दूरदेशची स्वस्त लोकर बाजारांत येत होती, आणि मेंढ्यांचे कळप वर्षानुवर्षें कमी होत होते. ज्या कामासाठीं हा कुत्रा जन्मास आला तें कामच जगांतून नाहींसें होऊं लागलें. अशा वेळीं कुत्र्याला शोभेची वस्तु करणें हा मार्ग सोपा होता. स्टेफानिट्स यांनीं तो पत्करला नाहीं. जो गुण मेंढ्या राखतांना उपयोगी पडतो तो अन्यत्रही उपयोगी पडलाच पाहिजे, असा त्यांचा विश्वास होता. त्यांनीं पोलीस खात्याचा पाठपुरावा केला. आरंभीं अधिकाऱ्यांना हें हांसण्यावारी नेण्यासारखें वाटलें, परंतु चोराचा माग काढणें, राखण करणें, पळणाऱ्याला न फाडतां धरून ठेवणें हीं कामें मेंढपाळाचा कुत्रा उत्तम करतो हें हळूहळू सर्वांना पटलें. आज्ञापालन, माग व संरक्षण ह्यांच्या परीक्षा सुरू झाल्या.

सन १९१४ मध्यें महायुद्ध पेटलें. रणभूमीवर हे कुत्रे निरोप घेऊन खंदकांतून धांवले, आणि जखमी शिपाई कोठें पडले आहेत हें त्यांनीं शुश्रूषापथकांना दाखवून दिलें. ह्याच युद्धांतून एक नवें काम निघालें. विषारी वायूनें व तोफगोळ्यांनीं शेंकडों तरुण आंधळे होऊन घरीं परतत होते. त्यांच्यासाठीं डॉ. गेर्हार्ड श्टालिंग यांनीं सन १९१६ मध्यें ओल्डेनबुर्ग येथें वाटाड्या कुत्र्यांची शाळा काढली. कळपाच्या कडेनें चालणारा कुत्रा आतां आंधळ्या माणसाच्या डाव्या बाजूनें चालूं लागला. धन्यानें पुढें चल म्हटलें तरी समोर खड्डा किंवा गाडी असेल तर थांबावयाचें, ही स्वतंत्र बुद्धि त्याला पिढ्यान्‌पिढ्या तासांतून चालतांना लाभली होती. सन १९२३ मध्यें पॉट्सडाम येथें अशीच दुसरी शाळा निघाली. तेथील काम डोरोथी यूस्टिस नांवाच्या अमेरिकन बाईंनीं पाहिलें व सन १९२७ मध्यें त्यावर लेख लिहिला. तो लेख ऐकून मॉरिस फ्रँक हा अंध तरुण त्यांच्याकडे स्वित्झर्लंडला गेला, आणि सन १९२८ मध्यें बडी नांवाची शेफर्ड कुत्री घेऊन अमेरिकेस परतला. पुढील वर्षीं त्या देशांत अंधांसाठीं कुत्रे शिकविणारी संस्था स्थापन झाली, व ती आजही चालू आहे.

युद्धानें नांवाचा मात्र घोळ केला. इंग्लंडांत जर्मन शब्द उच्चारणेंही लोकांना नकोसें झालें होतें. म्हणून तेथें ह्या कुत्र्याला आल्सास प्रांतावरून अल्सेशियन हें नांव देण्यांत आलें, आणि इंग्रजी अमलांत तेंच नांव आपल्याकडेही रूढ झालें. अमेरिकेनें सन १९१७ मध्यें जर्मन हा शब्द गाळून टाकिला व १९३१ मध्यें पुन्हां घेतला. इंग्लंडच्या केनेल क्लबानें मूळ नांव पुन्हां मान्य करावयास १९७७ साल उजाडलें. माणसांच्या वैराचा डाग बिचाऱ्या मुक्या जनावराच्या नांवाला किती काळ चिकटून राहतो, हें ह्यावरून दिसून येईल.

युद्ध संपलें आणि कीर्तीचें संकट आलें. फ्रान्समध्यें रणांगणाजवळ सांपडलेलें ह्याच जातीचें एक पिलूं अमेरिकन शिपायानें घरीं नेलें. तोच पुढें रिन टिन टिन ह्या नांवानें मूकचित्रपटांत गाजला. घरोघरीं असा कुत्रा पाहिजे अशी हांव सुटली. पैशासाठीं वाटेल तशी पैदास होऊं लागली. कुत्रे उंच, लांब पायांचे, भपकेदार दिसूं लागले. परंतु कित्येकांचे दांत वाईट, तर कित्येकांचा स्वभाव भित्रा किंवा चिडखोर निघूं लागला. प्रदर्शनांत बक्षिसें मिळत होतीं व बाजारांत दाम मिळत होता, तेव्हां तक्रार कोण करणार? सन १९२५ च्या मुख्य प्रदर्शनांत स्टेफानिट्स स्वतः परीक्षक होते. त्यांनीं त्या ऐटदार, उंच कुत्र्यांना मागें सारून क्लोडो फॉम बॉक्सबर्ग नांवाच्या ठेंगण्या, लांबट, खोल छातीच्या, शांत व निर्भय कुत्र्याला पहिला मान दिला. आपल्याच मंडळानें चढविलेली चाल चुकली आहे, असें सर्वांदेखत सांगण्यासारखें तें कृत्य होतें. उंच कुत्रे बाळगणाऱ्यांचें त्यांत नुकसान होतें. परंतु त्या निवडीपासून पैदाशीचा मार्ग बदलला.

मित्रहो, चरित्र लिहितांना केवळ गुण सांगणें योग्य नव्हे. गुण लवकर दृढ व्हावे म्हणून स्टेफानिट्स यांनीं आरंभीं जवळच्या नात्यांतील कुत्र्यांच्या जोड्या पुष्कळ जुळविल्या. होरांड व त्याचा पुत्र हेक्टर फॉन श्वाबेन ह्यांचें रक्त साऱ्या जातींत पसरलें. अशा पैदाशीनें गुणांबरोबर दोषही मुरतात, आणि आजच्या जर्मन शेफर्डांत कंबरेच्या सांध्याचा विकार पुष्कळ आढळतो. पुढील काळांत प्रदर्शनासाठीं पाठीला जो फाजील उतार आणण्यांत आला, तो तर त्यांच्या कसोटीच्या अगदीं विरुद्ध होता. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कुत्र्यांच्या रक्तशुद्धीची भाषा त्या काळीं जर्मनींत माणसांनाही लावण्यांत येऊं लागली होती, व स्टेफानिट्स यांच्या लिखाणांतही त्या विचाराच्या छटा आढळतात. माणूस हा पैदाशीचा विषय नव्हे. त्याची योग्यता त्याच्या वंशावळींत नसते. हा भेद विसरल्यामुळें पुढें त्या राष्ट्रांत केवढा अनर्थ झाला, हें इतिहासांत तुम्हीं वाचालच. त्या अनर्थांत हेच कुत्रे बंदिछावण्यांच्या तारांपाशीं निरपराध माणसांवर पहारा करण्यास उभे केले गेले. जनावराचा गुण तोच होता. धनी बदलला होता.

नाझी पक्षाच्या हातीं सत्ता गेल्यावर सर्व मंडळांप्रमाणें हें मंडळही त्याच्या कह्यांत गेलें. सन १९३५ मध्यें स्टेफानिट्स यांना आपल्या हातानें उभारलेल्या संस्थेचें अध्यक्षपद सोडावें लागलें. छत्तीस वर्षें जें काम हेंच ज्यांचें घर होतें, त्यांना तें घर परकें झालें. ते आजारी पडले, आणि ता. २२ एप्रिल १९३६ रोजीं, मंडळाच्या स्थापनेस बरोबर सदतीस वर्षें पूर्ण झालीं त्याच दिवशीं, ड्रेस्डेन येथें त्यांचें देहावसान झालें.

ह्या चरित्रांतून विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या आईबापांनीं काय घ्यावें? दरवर्षीं आपल्या शाळेंत बक्षिससमारंभ होतो. ज्यांना पदकें मिळतात त्यांचें आम्हीं मनापासून अभिनंदन करतों, आणि तें करावेंच. परंतु पदक हें प्रदर्शनांतील मानासारखें आहे. शाळेच्या फाटकाबाहेर दिवसभराची येरझार सुरू होते. तेथें टाळ्या वाजत नाहींत, धनी दूर असतो, आणि समोर खड्डा आहे कीं वाट आहे हें ज्याचें त्यानें ओळखावें लागतें. शिवाय ज्या धंद्यासाठीं आज तुम्हीं तयारी करीत आहां, तो तुम्हीं मोठे होईपर्यंत राहीलच असा भरंवसा कोणीं द्यावा? मेंढपाळाच्या कुत्र्याच्या मेंढ्या गेल्या. परंतु कष्ट, सावधपणा व आवरतें बळ हे त्याचे गुण गेले नाहींत, म्हणून त्याला आंधळ्याच्या हाताशीं नवें काम मिळालें. पालकांनींही आपल्या मुलाची पारख करतांना तो कसा दिसतो ह्यापेक्षां कोणीं पाहत नसतां तो कसा वागतो, हें अधिक पाहावें. आणि ज्याचें काम आपण करतों तो धनी कोण आहे, त्याचा हेतु काय आहे, हें तपासून पाहण्याचें जें सामर्थ्य कुत्र्याला नाहीं तें माणसाला दिलेलें आहे, हें मुलांनो, तुम्हीं कधींही विसरूं नका.